पळसाच्या मुळांचा दोर

आज यजमानांना खुर्चीत बसवून कमरेभोवती नवा दोर आवळला आणि पळसाच्या ठेचलेल्या मुळांचा तोच तुरट, ओला वास आला.

लग्नाचे पहिले वर्ष. धान पिवळे झाले होते. रानडुकरांवर नजर ठेवायला हे मोहाच्या झाडावरील मचाणावर चढत आणि स्वतःला अशाच दोराने फांदीला बांधूनच बसत. बांधावरच्या बायांना हसवायला मी म्हणाले, "बैल हाव का तुमी, दाव्यानं बांधून बसाले?"

बाया खळखळल्या. ह्यांनी गाठ सोडून दोर खाली फेकला. मी तो उचलेपर्यंत मचाणाची फळी निसटली आणि हे खाली कोसळले.

तेव्हापासून ह्यांना कमरेखाली जाणीव नाही.

"घट्ट बांध," हे रोज म्हणतात, "आन् आता हास."

मी हसते. न हसल्यास ते जेवत नाहीत.