फारकतीची नक्कल

वसुंधराबाई बोपर्डीकरांना सवत नव्हती, पण सवतीमत्सर होता, आणि तो असा तसा नव्हे, चांगला मुरलेला. सुभानपुऱ्यात त्यांच्या सोसायटीत एक शैलाबेन राहायला आल्या. गोरव्याच्या कारखान्यात नवरा, स्वभावानं अगदी गाय. अख्खी सोसायटी त्यांना शैलाबेन म्हणे, आणि वसुंधराबाई म्हणत, ‘त्या कोपऱ्यावरच्या’. त्या बिचारीनं दिवाळीला लीलो चेवडो आणून दिला, तोही यांनी मोलकरणीला देऊन टाकला. का, तर बाळकृष्णरावांच्या पहिल्या बायकोचं माहेरचं नाव शैला होतं! आता यात त्या कोपऱ्यावरचीचा काय गुन्हा, पण मत्सराला कुठं डोळे असतात?

ते पहिलं लग्न मोडलं तेव्हा बडोद्यात अजून संस्थान होतं. हिंदूंना फारकत घ्यायची सोय बाकीच्या मुलखात यायच्या आधीच इथं आली होती. बाळकृष्णराव संस्थानच्या रेल्वेत कारकून होते. लग्न झालं, दोन-तीन वर्षांत कोर्टात जाऊन मोडलं, आणि बोपर्डीकरांच्या घरानं तोंडाला कुलूप लावलं. पुढं संस्थान गेलं, बडोदे मुंबई राज्यात गेलं, मग गुजरातेत आलं. कुलूप काही निघालं नाही. घरात त्या बाईला नावच नव्हतं. ‘ते प्रकरण’ म्हणायचे, नाहीतर ‘त्या वेळी’.

जळगावच्या एका मास्तरांच्या पाचव्या मुलीला, दुर्गाला, म्हणजे आजच्या वसुंधराबाईंना, हे बिजवराचं स्थळ आलं तेव्हा तिला सगळं सांगितलेलं होतं. फसवाफसवी नव्हती. पण लग्नाच्या दिवशी आतल्या खोलीत कुणीतरी मावशी दुसरीच्या कानाला लागून म्हणाली, ‘शैला रंगानं उजवी होती हो. माझ्या पुतणीच्या वर्गात होती, मॅट्रिक झालेली.’ झालं! ते वाक्य नव्या नवरीच्या पोटात जे जाऊन बसलं ते बसलं. नवरा दूधभातावर साखर घेत नसे. तिनं ठरवलं, ती शैला घेत नसणार. शेजारी कुणी पेटी वाजवली की तो वाचता वाचता मान वर करी. म्हणजे ती पेटी वाजवत असणार. विचारायची सोय नव्हती, कारण बाळकृष्णराव जात्याच घुमे. आणि घुम्या माणसाच्या बायकोला अर्धा संसार अंदाजानं करावा लागतो.

एका गोष्टीत मात्र आपण त्या शैलेला मागं टाकलंय अशी त्यांची खात्री होती. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहितात, तेव्हा बाळकृष्णरावांनी न अडखळता, एका दमात लिहिलं: वसुंधरा. भटजींना सुचवावं लागलं नाही की आत्याबाईंना विचारावं लागलं नाही. जळगावच्या मास्तरांच्या घरात असलं भारदस्त नाव कुणाचं नव्हतं. आधीपासून मनात जुळवून ठेवलं असणार, माझ्यासाठी! ही गोष्ट त्यांनी आपल्या लेकीला, नयनाला, इतक्या वेळा सांगितली होती की ती म्हणे, ‘आई, पुढचं मी सांगू?’

चौऱ्यांशी साली गणपतरावांनी कुलवृत्तांत काढायचं मनावर घेतलं. गणपतराव हे बाळकृष्णरावांचे चुलतभाऊ, निवृत्त प्राध्यापक. साऱ्या बोपर्डीकरांची वंशावळ, कोण कुणाचा मुलगा, कुणाची बायको कुठल्या घरची, हे एका पुस्तकात छापायचं. एका सकाळी ते रिक्षानं आले, चहा घेतला, आणि बाळकृष्णराव आंघोळीला गेलेले बघून हळूच म्हणाले, ‘वहिनी, रागावू नका. बाळूच्या नावापुढं दोन बायका लिहाव्या लागतील. नाशिकच्या काकूंनी कळवलंय, पहिली पत्नी, माहेरची शैला गद्रे.’

वसुंधराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘म्हणजे ती पहिली आणि मी दुसरी? छापून? नातवंडांनी वाचायचं?’

‘आपला नियम आहे, फारकत कायद्यानं झाली असेल तर ते नाव गाळायचं. पण तोंडी पुरावा चालणार नाही. उद्या गद्र्यांपैकी कुणी भांडायला आलं तर? कोर्टाच्या निकालाची नक्कल आणा, मी तिचं नाव काढतो. मग तुम्ही एकट्या.’

तुम्ही एकट्या! हे दोन शब्द वसुंधराबाईंना साखरेसारखे लागले. ती बाई घरातून गेली, नवऱ्याच्या मनातून गेली की नाही देव जाणे, पण बोपर्डीकरांच्या पुस्तकातून तिला हाकलायचं आता आपल्या हातात आहे.

नवऱ्याला त्यांनी सांगितलं, मंगळबाजारात जाऊन येते. आणि गेल्या कचेरीत, जिथं संस्थानच्या कोर्टांचे जुने निकाल ठेवलेले होते. तिथं रसिकभाई नावाचे कारकून होते, बोलायला मोठे गोड. त्यांनी अर्ज लिहायला सांगितला, तिकीट लावायला सांगितलं. अर्जात एक रकाना होता: पक्षकाराशी नातं काय? वसुंधराबाई तिथं अडल्या. मग दात-ओठ खात गुजरातीत लिहिलं, ‘पक्षकाराची बीजी पत्नी’. स्वतःच्या हातानं दुसरी लिहायची वेळ आली, आता आणखी काय बाकी राहिलं? पण पुस्तकात एकटं व्हायचं तर इथं दुसरं व्हायलाच हवं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

पहिल्या खेपेला काही मिळालं नाही. रसिकभाईंनी नावांची जुनी यादी धुंडाळली. शैला गद्रे नाही, शैला बोपर्डीकरही नाही. ‘बेन,’ ते म्हणाले, ‘तुम्हा दक्षिणी लोकांत लग्नात नाव बदलतात ना? दावा सासरच्या नावानं असणार. त्या बाईचं सासरचं नाव काय?’

आणि वसुंधराबाईंच्या लक्षात आलं, आपल्याला ते ठाऊकच नाही! जिच्यावर आपण बत्तीस वर्षं जळलो, तिला या घरात काय हाक मारत होते ते आपण कधी विचारलंच नाही. घरी येताना रिक्षात बसून त्या नावं जुळवत राहिल्या. सुहासिनी? मालती? काहीतरी गोडच असणार मेलीचं. आणि यांनीच ठेवलेलं असणार, एका दमात लिहून.

दुसऱ्या खेपेला रसिकभाईंनी आडनावावरून शोधलं. बोपर्डीकर पोत्यानं असतात थोडेच. एकच निघालं. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं, चष्मा वर केला, वसुंधराबाईंचं रेशनकार्ड बघितलं, पुन्हा ओळ बघितली, आणि हसले. ‘बेन, तमे तो खोटुं लख्युं छे!’

‘काय चुकलं?’

‘नातं चुकलं. केस तो तमारो ज छे!’ त्यांनी यादी फिरवून पुढं केली. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस सालातल्या नोंदींत स्वच्छ गुजराती अक्षरात लिहिलं होतं: वसुंधरा बाळकृष्ण बोपर्डीकर, वादी. बाळकृष्ण गोविंद बोपर्डीकर, प्रतिवादी. प्रकार, लग्नविच्छेद.

वसुंधराबाईंनी पदरानं तोंड पुसलं. पुन्हा वाचलं. त्यांना क्षणभर खरोखरच वाटलं की आपण केव्हातरी नवऱ्याला सोडलं होतं आणि विसरून गेलो.

रसिकभाई मात्र खुलले होते. त्यांनी अर्जातलं ‘बीजी पत्नी’ खोडलं आणि वर ‘पोते’ लिहिलं, म्हणजे स्वतः. मग रेशनकार्डावरचं नवऱ्याचं नाव परत वाचून म्हणाले, ‘छूटाछेडा लईने पाछां एने ज परण्यां? सारुं कर्युं, बेन!’ आणि पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला मोठ्यानं सांगितलं की या बेननी सोडलेल्या नवऱ्याशीच पुन्हा लग्न केलं, संसार असा पाहिजे. त्या दोघांनी मिळून वसुंधराबाईंना चहा पाजला. त्यांना तो घोट घोट प्यावा लागला. नाही तरी काय सांगणार होत्या, हे नाव माझं आहे पण ही बाई मी नव्हे?

नक्कल मिळाली, सही-शिक्क्याची. दाव्याचे बाकीचे कागद कधीच नष्ट केलेले होते, राहिला होता फक्त निकाल. लग्न मोडण्यात येत आहे. वादी बाईनं यापुढं माहेरचं शैला नारायण गद्रे हे नाव लावावं, प्रतिवादीची हरकत नाही. का मोडलं, त्याचं अक्षरही नव्हतं.

वसुंधराबाई घरी आल्या. बाळकृष्णराव झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होते. वसुंधराबाईंनी तो कागद त्या वर्तमानपत्रावर ठेवला. ‘वाचा.’

त्यांनी वाचला. घडी केली. पुन्हा उलगडला.

‘बोला ना!’ वसुंधराबाईंचा आवाज फाटला. ‘मला वाटलं माझ्यासाठी शोधलंत नाव. न अडखळता लिहिलंत, मी जगाला सांगत सुटले. अडखळाल कशाला, हात बसलेला होता! इतकी मनात होती ना, की दुसरीला तिच्याच नावानं हाक मारावी? मला वसू म्हणताना कुणाला बोलावत होतात तुम्ही?’

‘तसं नाही गं,’ बाळकृष्णराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते घाईनं बोलत होते. ‘आईनं सांगितलं. पहिल्या लग्नात एवढी पितळेची भांडी घेतली, सगळ्यांवर नाव घातलेलं, सौ. वसुंधरा बाळकृष्ण बोपर्डीकर. ती मोडीत घालायची का, म्हणाली. नवीच्या अंगावर तेच नाव बसेल. मी म्हटलं, बरं.’

वसुंधराबाईंची नजर स्वयंपाकघराकडं गेली. हंडा, कळशी, परात, लेकीच्या बारशाचं पातेलं... सगळं आपलं म्हणून चिंच लावून लावून घासलेलं.

‘भांड्यांसाठी?’

‘हो.’

‘अहो, खोटं तरी सांगायचं होतं!’ त्या म्हणाल्या. ‘तिच्यावर जीव होता म्हणून ठेवलं म्हणाला असतात, तर मी चार दिवस रडले असते, जेवले नसते, पण काहीतरी होतं म्हटलं असतं. पितळेसाठी? आणि ती का गेली? ते तरी सांगाल?’

‘तिला पुढं शिकायचं होतं. आई नको म्हणाली. मी गप्प बसलो. वकिलानं त्यालाच छळ म्हणून लिहिलं.’ त्यांनी कागदाची पुन्हा घडी केली. ‘चुकीचं लिहिलं नव्हतं.’

त्या रात्री वसुंधराबाईंना झोप नाही. मत्सर गेला म्हणाल, तर छे! उलट वाढला, फक्त त्यानं कूस बदलली. आजवर त्या जळत होत्या त्या शैलेला नवरा आधी मिळाला म्हणून. आता जळू लागल्या, तिला तिचं नाव परत मिळालं म्हणून. कोर्टाच्या शिक्क्यानं! ती बया आपलं शैला नाव घेऊन ताठ निघून गेली, आणि अंगावरचं उतरवलेलं लुगडं ठेवावं तसं वसुंधरा हे नाव मागं ठेवून गेली. आणि आपण ते नेसून बत्तीस वर्षं मिरवलो.

रविवारी गणपतराव आले. नक्कल बघून खूष झाले. ‘वा वहिनी, काम फत्ते! तिचं नाव गाळलं. आता ओळ अशी येईल: पत्नी, वसुंधरा. झालात तुम्ही एकट्या.’

‘कोण एकटी?’

‘तुम्ही.’

‘ती ओळ वाचून कुणाला कळणार, मी का ती?’ वसुंधराबाईंनी त्यांचा वंशावळीचा कागद आपल्याकडं ओढला. ‘गाळू नका तिला. छापा. पहिली पत्नी वसुंधरा. फारकत घेतली, तेही लिहा, तिनं घेतली म्हणून लिहा. आणि दुसरी पत्नी दुर्गा.’

गणपतराव चपापले. ‘पण वहिनी, सुनेचं सासरचं नाव द्यायचा नियम...’

‘नियम घाला चुलीत! सासरचं नाव तिचं आहे, ते तिच्या अंगावर घाला. मला दुसरी म्हणा, चालेल. पण मी म्हणून म्हणा.’ मग त्यावर बोट ठेवून, ‘आणि तिच्यापुढं मॅट्रिक लिहिलंय ते दिसतंय मला. माझ्यापुढं सातवी फायनल पास लिहा, जळगाव केंद्र.’

गणपतरावांनी तसं लिहिलं आणि ते निघून गेले. बाळकृष्णराव सगळा वेळ झोपाळ्यावर होते. थोड्या वेळानं नेहमीसारखी हाक आली, ‘वसू, चहा टाकतेस?’

‘ती गेली अठ्ठेचाळीस साली,’ स्वयंपाकघरातून उत्तर आलं. ‘तुम्हाला कोण पाहिजे?’

झोपाळ्याच्या कड्या वाजायच्या थांबल्या. बाळकृष्णराव उठून दारापर्यंत आले, चौकटीला धरून उभे राहिले आणि परक्याच्या बायकोला विचारावं तसे अवघडून म्हणाले, ‘दुर्गा... चहा टाकतेस का?’

दुर्गाबाईंचा हात डब्यावरच राहिला. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की या तोंडून हे नाव त्या शैलेनं कधी ऐकलं नाही. तिला मिळणारही नाही, तिनं कितीही कोर्टं केली तरी.

‘ऐकू आलं नाही,’ त्या मागं न बघता म्हणाल्या. ‘परत म्हणा.’