गोठलेल्या तळ्यावरच्या वहिनी

वहिनींनी कल्ले बघितल्याशिवाय मासा घेतला नाही आणि तोंडावर बोलल्याशिवाय माणूस सोडला नाही. इथे जपानात, सेंदाईच्या सुपरमार्केटात मासळी सीलबंद तबकात मांडलेली असते. आम्ही बाकीचे मराठी लोक वरची तारीख वाचून ते तबक निमूट टोपलीत टाकतो. वहिनी मात्र काउंटरमागच्या माणसाला बोलावून अख्खा मासा मागवायच्या, त्याचे कल्ले उघडायच्या आणि तो बिचारा कमरेत वाकून उभा असताना "हा कालचा आहे" असं त्याला सांगायच्या. माझ्यावर शेजारी उभं राहायची वेळ आली की मी सोया सॉसच्या बाटल्या वाचायला लागायचो.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. मित्र विद्यापीठात संशोधक, रविवारीसुद्धा प्रयोगशाळेतच. वहिनींचं माहेर अलिबागजवळच्या खारपट्ट्यातलं. तिथे घरामागे तळं आणि तळ्यात पाळलेले जिताडे मासे. जपानला आल्यावर दोन वर्षं घरात बसून त्या वैतागल्या आणि शहरापासून तासाभरावरच्या एका उथळ तळ्यावर शनिवार-रविवारची बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, त्यांनी धरली. हे तळं हिवाळ्यात गोठतं. लोक त्यावर तंबू टाकतात, बर्फाला भोकं पाडतात आणि वाकासागी नावाची बोटभर चंदेरी मासळी धरत बसतात. काठावरच्या टपरीतून गळ, आमिष आणि बर्फाला भोक पाडायचं गिरमीट भाड्याने द्यायचं, हे वहिनींचं काम. मला मासेमारीचा नाद आणि माझ्याकडे गाडी, त्यामुळे रविवारी त्यांना नेण्या-आणण्याचं माझ्याकडे लागलं.

माझ्या मासेमारीबद्दल त्यांचं मत वाईट होतं. गळ हलला तरी मी दोन क्षण थांबायचो, खात्री करून घ्यायचो, तोवर मासा पसार. "भाऊजी, तुम्ही मासा धरत नाही, त्याची विनवणी करता," त्या म्हणायच्या. हे त्या टपरीच्या दारातून, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणायच्या. मराठीत म्हणायच्या एवढंच माझं नशीब. परतीच्या वाटेवर मग माझ्या गाडी चालवण्याचा समाचार घेतला जायचा.

त्यात माझा धंदाच विनवणीचा. आमच्या आयटीत मला ब्रिज इंजिनिअर म्हणतात. आधी कावासाकी शहरात आणि आता इथे, पुण्याची टीम आणि जपानी क्लायंट यांच्यामध्ये मी पूल म्हणून आडवा पडलेला असतो. पुण्याने "हे होणार नाही" म्हटलं की मी क्लायंटला सांगतो, "थोडं अवघड दिसतंय, आम्ही विचार करून कळवतो." दहा वर्षांत या घासण्या-पुसण्याची इतकी सवय झाली की घरी बायकोशी बोलतानाही वाक्याच्या कडा मी गोल करतो, असं तिचं म्हणणं आहे.

गेल्याच्या आदल्या जानेवारीत बर्फ फार पडला. तळ्यावरच्या गोठलेल्या थरावर मांडीएवढा भुसभुशीत बर्फ साचला. गंमत म्हणजे त्याच दिवसांत मासळी धो धो लागायला लागली, पण फक्त एका कोपऱ्यात, जिथे ओढ्याचं पाणी आत येतं तिथे. लोक खूश. तळं सांभाळणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष, सगळे त्यांना काइचो म्हणत, तेही खूश. वहिनी तेवढ्या चिडलेल्या. त्या तळ्याच्या मधोमध गेल्या, गिरमिटाने भोक पाडलं आणि गुडघे टेकून त्याचा वास घेतला. माणसं हसायला लागली. मलाही घ्यायला लावला. सडक्या अंड्यांसारखा वास होता.

"लागत नाहीयेत ते, पळून आलेत," वहिनी म्हणाल्या. "वर ही गोधडी, खाली उजेड नाही. गवत कुजतंय आणि माशांचा श्वास तेच खातंय." त्यांच्या माहेरच्या तळ्यात मळभाच्या सकाळी जिताडे तोंडं वर काढायचे, तेव्हा अख्खं घर पाणी झोडपायला धावायचं, हे त्यांनी मला गाडीत सांगितलं. इथे तोंड वर काढायलासुद्धा जागा नव्हती.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक टपरीतच होती. वहिनींचं जपानी दुकानापुरतं. "तिथे माझं गळ-आमिषाचं जपानी नको. तुम्ही नीट सांगा," असं म्हणून त्यांनी मला नेलं. रॉकेलच्या शेगडीभोवती सहा म्हातारे चहा घेत बसले होते. वहिनी उभ्या राहिल्या आणि मराठीत म्हणाल्या, "या आठवड्यात बर्फ उपसा आणि वरच्या बंधाऱ्याचं पाणी आत सोडा. नाहीतर पंधरा दिवसांत तळ्यात एक मासा जिवंत राहणार नाही. मी अंदाजाने नाही, बघून सांगतेय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सहा वयस्कर माणसं, त्यांचंच तळं, आणि त्यांना हे असं सांगायचं. मी जपानीत म्हणालो की वहिनींना थोडी काळजी वाटते आहे, शक्य झाल्यास बर्फाकडे एकदा लक्ष द्यावं असं त्यांचं नम्र मत आहे. काइचोंनी वाकून आभार मानले आणि विषय महिनाअखेरच्या बैठकीत घ्यायचं ठरलं. वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि चहाचा कप उचलला. परतताना त्या माझ्या गाडी चालवण्यावरसुद्धा काही बोलल्या नाहीत. माझं जपानी त्यांना कळलं नसावं असं मी धरून चाललो आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

महिनाअखेरपर्यंत ओढ्याच्या कोपऱ्यातही गळ हलेनासा झाला. मार्चमध्ये बर्फ वितळला तेव्हा काठाला पांढरी मेलेली मासळी वीतभर जाडीने लागली होती. वर घारी फिरत होत्या. मंडळाची माणसं, वहिनी आणि मी, दोन दिवस ती फावड्याने पोत्यांत भरत होतो. वहिनी एकेका पोत्याचं तोंड बांधत होत्या आणि वर बघत नव्हत्या. काइचो माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "त्यांना एवढी खात्री होती हे कळलं असतं, तर आम्ही दुसऱ्याच दिवशी फावडी घेतली असती." मी वाकलो. दुसरं काय करणार होतो? तेव्हाही खरं बोलायला माझी जीभ रेटली नाही, याचा मला आजही संताप येतो.

मंडळाने दोन वर्षं नवी मासळी न सोडायचं ठरवलं, टपरी बंद झाली आणि वहिनींची नोकरी गेली. जुलैत मित्राला टोकियोत काम मिळालं, मुलीसाठी तिथल्याच एदोगावातली भारतीय शाळा ठरली. सेंदाई स्टेशनवर त्यांना पोचवायला मीच गेलो. मित्र मुलीला घेऊन प्रवासासाठी बेन्तो, म्हणजे जेवणाचे डबे, आणायला गेला, तेव्हा मी एकदाचं ते ओकून टाकलं: त्या बैठकीत मी तुमचं बोलणं पार मवाळ करून सांगितलं होतं.

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "तेवढं जपानी मला कळतं."

मग मला रागच आला. स्वतःवरचा होता, पण निघाला त्यांच्यावर. सुपरमार्केटातल्या परक्या माणसाला न सोडणाऱ्या तुम्ही, तिथल्या तिथे मला अडवलं का नाही, तोडकंमोडकं का होईना स्वतः बोलला का नाही, असं मी बरंच काही बोललो. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"सहा परक्या माणसांत तुम्हाला खोटं कसं पाडू, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "तुम्ही घरचे."

गाडी आली, बॅगा चढल्या. मी प्लॅटफॉर्मवर उभा होतो. त्या बाईने जन्मात एकदाच कुणाची भीड धरली, ती माझी, आणि नेमकी त्याच दिवशी ती धरायला नको होती.