न रडणारी लेक

माझी पहिली मुलगी नऊ दिवस जगली. बारसं व्हायचं राहिलं, म्हणून तिला नाव नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मी रोह्याहून पेणला आले. रामवाडीत आमचं दोन खोल्यांचं घर. आई गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची, माझ्यासाठी तिने सुट्टी घेतली होती. मुलगी महिनाभर आधीच झाली. वजन दोन किलोलाही कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी चार दिवस इथेच राहा." आई म्हणाली, पाचवी घरी पूजायला हवी. वडील, मोठी काकू, सगळे तेच म्हणाले. मीही म्हटलं. मीही म्हटलं होतं, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. दवाखान्यातल्या त्या खाटेवर मला झोप येत नव्हती आणि घरचा मऊ भात खावासा वाटत होता.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या आशाताई आल्या. त्यांनी मुलीला उघडंच माझ्या छातीवर ठेवलं, वरून शाल गुंडाळली. "ही अशीच ठेवायची, दिवसभर. आईच्या अंगाची ऊब हेच हिचं औषध. एवढ्यात आंघोळ नको. आणि दूध ओढेनाशी झाली, अंग गार लागलं, तर थांबायचं नाही. लगेच मला फोन करा." आई दाराशी उभी राहून ऐकत होती.

ताई गेल्या आणि काकू म्हणाली, "बाळंतीण काय अशी उघडी बसते? घरात पुरुषमाणसं हायत." मी मुलीला खाली दुपट्यात ठेवलं. न्हाऊ घालणारी बाई रोज सकाळी यायची. तेल, कढत पाणी, धुरी, सगळं रीतीप्रमाणे झालं. कशालाच कमी केलं नाही.

मुलगी रडायची नाही. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "शांत हाय गो पोर. नशीब काढलंस." मला त्याचा अभिमान वाटायचा.

सातव्या दिवशी ती दोन घोट घेऊन झोपायला लागली. आठव्या दिवशी तेही नाही.

"आई, ही ओढत नाय."

"झोपेत हाय. उठली की पिईल."

"ताईंना फोन करू?"

"अगो, अजून सुवेर फिटलं नाय. बारसं होऊ दे, मग दाखवून आणू."

मी फोन हातात घेतला होता. तो परत उशाशी ठेवला.

नवव्या दिवशी सकाळी न्हाऊ घालणाऱ्या बाईनेच तांब्या खाली ठेवला. म्हणाली, "हिचे पाय बघा गो. गार लागतात." वडील धावत जाऊन रिक्षा घेऊन आले. दवाखान्याच्या दारातच डॉक्टरीणबाईंनी तिला माझ्या हातातून घेतलं. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या, माझ्याशेजारी बाकावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "काल आणायला हवं होतं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दूध मात्र पुढे कितीतरी दिवस येत राहिलं. आई छातीवर बांधायला कोबीची पानं आणून द्यायची आणि पाठ फिरवून उभी राहायची.

रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमी गावात माझं सासर, तिथे परतले तेव्हा सासूबाईंनी काही विचारलं नाही. एकदा तांदूळ निवडता निवडता मान वर न करता म्हणाल्या, "माझीबी दोन गेली हायत." तोवर हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, माझ्या नवऱ्यालासुद्धा.

तीन वर्षांनी जावेला आठव्या महिन्यातच मुलगा झाला. या खेपेला पाचवीचं नाव कोणी काढलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर सांगतील तवाच घरी." घरी सोडताना नर्सबाईंनीही तेच सांगितलं, बाळ दिवसभर अंगाशी ठेवा. पण जावेचे टाके दुखत होते आणि एकटीने दिवसभर कसं जमणार? सासूबाई खाटेवर टेकून बसल्या. "आना माझ्याकडं. माझं अंग काय गार पडलंय?" कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून दीर यायचा, आंघोळ करून बाळाला छातीवर घ्यायचा. त्याचे मित्र दारातून हसायचे. तो हलायचासुद्धा नाही. समोरच्या घरातली भाभी, तिचा नवरा गल्फमध्ये असतो, रोज दुपारी जावेसाठी जेवण घेऊन यायची. "आमची गाडी दारात हाय," ती म्हणाली, "विचारत बसू नका. नुसती हाक मारा."

मला कोणी बाळ घे म्हणत नव्हतं. एका दुपारी सासूबाईच पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"घेतेस?"

"नको."

"घे गो."

त्यांनी त्याला माझ्या छातीवर ठेवलं. त्याचा श्वास गळ्याशी लागत होता. मी तो मोजत बसले. रडले तर तो हलेल म्हणून रडले नाही.

चार दिवसांनी त्याने दूध सोडलं. मी एवढंच म्हटलं, "हा ओढत नाय," आणि सासूबाई पिठाच्या हातांनी अंगणात जाऊन भाभीला हाक मारू लागल्या. भाभीच्या दिराने गाडी काढली. कोणी साडी बदलली नाही, कोणी दिवस मोजले नाहीत. पूल ओलांडून रोह्याला दवाखान्यात पोचलो तेव्हा बाळ जावेच्या पोलक्यात होतं, ऊबदार. आठवडाभर त्याला ठेवून घेतलं. मग तो घरी आला.

त्याला बघायला पेणहून आई आली. दीर बाळाला छातीवर घेऊन पडला होता. आई पाहतच राहिली. मग माझ्यामागून स्वयंपाकघरात आली.

"ताईनं हेच सांगितलं होतं ना आपल्याला?"

"कुठली ताई?"

"आशाताई. हेच ना?"

मी म्हटलं, "नाय आई. तेव्हा असं काय सांगितलं नव्हतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. दाराशी उभी राहून सगळं ऐकलेली बाई ती. "व्हय," ती म्हणाली, "नसंल सांगितलं." आणि विळी ओढून भाजी चिरायला बसली.

आता पेणहून वहिनी फोनवर सांगते, गल्लीत कोणाकडे बाळंतपण झालं की आई आशाताईंच्या बरोबर जाते. एका घरातल्या म्हातारीने तिला हाकलून दिलं, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. माझ्याशी यातलं ती काही बोलत नाही. मी पेणला गेले की आम्ही कारखान्यातल्या कामाबद्दल बोलतो, जावेच्या मुलाबद्दल बोलतो. तो आता बालवाडीत जातो, आणि फार रडतो.