सहानुभूतीचा ठराव

गणपतराव भोयरांच्या कुंकवाच्या कारखान्यात मार्तंडराव खानझोडे रसायनज्ञ होते. हुद्दा ऐकायला मोठा, पण प्रयोगशाळा म्हणजे गोदामामागची एक खोली, तिच्यात एक टेबल, एक तराजू आणि भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. एवढ्या सामानावर या माणसाने एक काम मात्र असं केलं, की अर्ध्या विदर्भातल्या बायका त्याचं नाव न कळता ते कपाळावर वागवत होत्या. चिकटवायच्या टिकल्या तेव्हा नुकत्याच निघाल्या होत्या आणि नागपूरच्या मे महिन्यात त्या दुपारच्या आत घामाने गळून पडायच्या. भर लग्नात सवाष्णीचं कपाळ उघडं पडलं की बाया कारखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. मार्तंडरावांनी असा डिंक केला, की घामाच्या धारा लागल्या तरी टिकली जागची हलेना.

तपासणी त्यांनी धंद्याच्या रीतीप्रमाणेच केली. रात्री आधी स्वतःच्या दंडाला डिंक लावला, मग बायकोच्या. सकाळी लाली नाही, खाज नाही, म्हणजे माल चांगला. सगळेच असं करायचे. एखाद्या मालाला आपलं खरं रूप दाखवायला वर्षं लागत असतील, हे कोणाच्या डोक्यात येत नव्हतं, आणि मार्तंडराव काही सगळ्यांहून वेगळे नव्हते.

विदर्भातल्या तेल, स्नो, पावडर, कुंकू करणाऱ्यांचं एक रसायनज्ञ मंडळ होतं. मार्तंडराव पहिल्यापासून त्याचे चिटणीस. चिटणीस म्हणजे वर्षभर ज्याची कोणाला आठवण नसते आणि जानेवारीत ज्याच्या नावाने सगळे शंख करतात तो. नोटिसा काढा, धंतोलीतलं सभागृह ठरवा, वडाभाताच्या आचाऱ्याला गाठा, अकोल्याच्या मंडळींना स्टेशनवरून आणा, गेल्या सभेचं इतिवृत्त वाचा आणि शेवटी आभार माना. वार्षिक सभेला सभासदांच्या बायकांना नव्या मालाची एकेक पिशवी भेट मिळे. बायका मागच्या रांगांत बसून जेवणापेक्षा त्या पिशवीचीच वाट बघत. डिंकाच्या वर्षी सभेने मार्तंडरावांना शाल-नारळ दिला आणि त्यांचा तपासणीचा अहवाल टाळ्या वाजवून मंजूर केला. त्यांची बायको सुमतीबाई तीच टिकली लावून मागे बसली होती. नवऱ्याचं एवढं कौतुक त्यांनी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही.

पुढे त्या टिकलीखाली एक पांढरा ठिपका आला. सुमतीबाईंनी तो झाकायला थोडी मोठी टिकली लावली. ठिपका वाढला, मग टिकलीही वाढली. मोठ्या टिकल्यांची पाकिटं कारखान्यातून आणून कोण देत होतं, तर खुद्द मार्तंडराव. झाकायला जे आणतोय त्यानेच वाढतंय, हे त्यांना उमजलं तेव्हा डाग बंद्या रुपयाएवढा झाला होता. त्यांनी घरातली सगळी पाकिटं गोळा केली आणि आंघोळीच्या बंबात घातली. सुमतीबाई पुन्हा साधं कुंकू लावू लागल्या, पण पांढरं गेलं नाही.

तेवढ्यात अरुंधतीचं लग्न जुळत आलं. एकुलती एक मुलगी, आणि स्थळ वर्ध्याचे विज्ञानाचे शिक्षक केशवराव देशकर यांच्या मुलाचं. साखरपुड्याची तारीख तेवढी काढायची होती. पण मुलाच्या आत्याने सुमतीबाईंना तोंड धुताना पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं, आईला कोड आहे, उद्या मुलीलाही निघेल. धंतोलीतल्या त्वचेच्या डॉक्टरांना विचारावं, तर डिंकानेही होतं, कोडही असू शकतं, असे दोन्ही डगरींवर पाय ठेवून ते मोकळे झाले.

देशकर स्वतः नागपूरला आले. "मार्तंडराव, मी विज्ञान शिकवतो. डिंकाने असं होऊ शकतं हे मला पटतं. पण तुम्ही मुलीचे बाप, तुम्ही हे म्हणणारच. तुमच्या मंडळातल्या जाणत्यांना एकदा म्हणू द्या, मग मी घरच्यांची तोंडं बंद करतो."

यात वावगं काहीच नव्हतं. त्या माणसाच्या चांगुलपणाचाच मार्तंडरावांना पुढे सगळ्यांत जास्त त्रास झाला.

त्यांनी सभेच्या नोटिशीत डिंकाचा विषय घातला. गणपतराव मंडळाचे अध्यक्ष, आणि वर मालकही. त्यांनी तो खोडला, पण अगदी प्रेमाने. "खानझोडेजी, नोटिशीत काहून घालता? कागद गावभर फिरते. ऐनवेळच्या विषयांत घेऊ ना. मी परवानगी देतो तुम्हाले."

सुमतीबाईंना हे सगळंच नको होतं. "हात दाखवून अवलक्षण कशाला? तुमच्याच डिंकाला तुम्ही नावं ठेवणार. नोकरीवर आलं म्हणजे?"

"आलं तर आलं," मार्तंडराव म्हणाले. "पोरीचं तर होईल."

सभेला देशकर पाहुणे म्हणून आले आणि कडेच्या खुर्चीवर बसले. इतिवृत्त झालं, जमाखर्च झाला, निवडणूक दरवर्षीप्रमाणे बिनविरोध झाली. मग गणपतरावांनी शब्द पाळला आणि परवानगी दिली. मार्तंडराव उभे राहिले. आडवळण त्यांना येत नव्हतं.

"माझा अहवाल चुकला होता," ते म्हणाले. "एका रात्रीत कळणारी गोष्ट नव्हती ती. माझ्या घरातला डाग कोड नाही, तो माझ्या डिंकाचा आहे. कारखान्यात डिंक लावायला बसते त्या रंभाबाईची बोटंही पांढरी झालीत. ती आणि माझी बायको काही एका रक्ताच्या नाहीत. एवढं सभेने मान्य करावं, आणि तो डिंक बंद करावा."

मार्तंडरावांनी डिंकाची कृती द्यायला कोणाला नाही म्हटलं नव्हतं आणि समोरच्या निम्म्या लोकांचं घर आता तिच्यावर चाललं होतं.

"रंभाबाई दिवसभर पान लावते, खानझोडेजी," गणपतराव म्हणाले. "चुना लागला असन."

लोक हसले. त्या हसण्यात विषय निम्मा मेला. उरलेला अकोल्याच्या नत्थूजींनी मारला. त्यांचा टिकल्यांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता. "अहवाल तुमचाच, सभेनं मंजूर केलेला. मंग तवा खोटं बोलले, का आता बोलून राहिले?"

मार्तंडरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण दोन्ही वेळा आपण खरंच बोललो, हे या लोकांना कसं सांगायचं ते त्यांना सुचेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"जाऊ द्या," गणपतराव हळू आवाजात म्हणाले. "घरच्या दुखण्यानं माणूस खचते. आपण माणुसकी म्हणून एक ठराव करू." आणि त्यांनी तो सांगितला. मंडळाचे चिटणीस श्री. खानझोडे यांच्या पत्नी सौ. सुमतीबाई यांच्या दीर्घ आजाराबद्दल ही सभा सहानुभूती व्यक्त करते आणि त्यांना लवकर आराम पडो अशी प्रार्थना करते. नत्थूजींनी अनुमोदन दिलं. सगळे हात वर झाले. काहींचे डोळे खरोखर ओले होते, हेही सांगायला हवं. शिव्या दिल्या असत्या तर माणूस भांडला असता, सहानुभूतीशी कोण भांडणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो.

मागच्या रांगेत सुमतीबाईंनी पदर कपाळावर ओढून घेतला. आजूबाजूच्या बायका त्यांच्यापासून जराशा सरकून बसल्या. आभार मानायचं काम चिटणिसाचं होतं. मार्तंडरावांनी अध्यक्षांचे आभार मानले.

देशकर जेवायला थांबले नाहीत. दारात त्यांनी मार्तंडरावांचे हात धरले. "मी मंडळाचा शब्द मागितला होता," ते म्हणाले, "आणि मंडळाने आजार म्हटलं. आता मी घरी काय सांगू?"

लग्न मोडलं. आधी आत्याची कुजबुज तरी होती, आता मंडळाचा ठराव होता, आणि तो पुढच्या स्थळांच्याही आधी पोहोचू लागला. रंभाबाईला कामावरून काढलं. तिच्या जागी दुसरी बाई बसली. डिंक तोच होता. मार्तंडरावांनी राजीनामा लिहिला आणि दिला नाही, कारण त्या वयात, त्या गावात, दुसऱ्या कोणत्या कारखान्यात तो डिंक नव्हता?

पुढच्या जानेवारीत पुन्हा सभा भरली. गेल्या सभेचं इतिवृत्त वाचायचं होतं. चिटणिसाने डिंकाबद्दल काय सांगितलं ते मार्तंडरावांनी त्यात लिहिलं होतं, पण बोलणं लिहायचं नसते, ठराव लिहायचा असते, असं म्हणून गणपतरावांनी ते काढायला लावलं होतं. मार्तंडरावांनी वाचलं. आपल्या बायकोचा आजार स्वतःच्या आवाजात, भरल्या सभेत, शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. देशकरांची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती.

"बरोबर आहे ना?" गणपतरावांनी विचारलं. हात वर झाले. "अन् चिटणीस?"

"बरोबर आहे," मार्तंडराव म्हणाले, आणि सही केली.

सुमतीबाई आता सभेला येत नसत, म्हणून त्यांची पिशवी मार्तंडरावांच्या हाती दिली गेली. घरी दार अरुंधतीने उघडलं. तिने पिशवी घेतली, आत हात घालून टिकल्यांचं पाकीट काढलं.

"बाबा, तुम्हीच वाचलं?"

"हो."

"आईचं पण?"

"सगळं वाचलं."

पाकीट घेऊन ती न्हाणीघराकडे गेली. पाणी तापवायची वेळ नव्हती, तरी तिने बंब पेटवला.