डाव्या अंगानं

लढाई संपवून गेणू वेल्ह्याला परतला, तेव्हा हाताला इटलीची सवय जडली होती. तिथं रस्त्याच्या उजव्या अंगानं गाडी चालवायचा कायदा होता आणि दोन वर्षं त्यानं फौजेची लॉरी तशीच चालवली होती.

कापूरहोळ-भोर मोटारीवर तो ड्रायव्हर म्हणून लागला. पहिल्याच दिवशी, रिकामी गाडी नेताना, वळणावर समोर बैलगाडी आली आणि त्याचे हात उजवीकडं वळले. बैल बिथरले. गेणूनं करकचून ब्रेक दाबला, उतरून गाडीवानाला हात जोडले.

घरी त्यानं ताट बाजूला सारलं. “परमुलखात कदी चुकलो न्हाई,” तो बायकोला म्हणाला, “आन् हितं, आपल्याच रस्त्यावर!”

“उद्या म्या येते संगं,” पारूबाई म्हणाली.

ती मोटारीत कधी बसली नव्हती. मालकाला विचारून गेणूनं तिला रिकाम्या गाडीत शेजारी बसवलं. समोर काही दिसलं, की ती दांडा घट्ट धरून म्हणे, “अवो, डावीकडं!” भोर येईपर्यंत तिचा घसा बसला, गेणू एकदाही चिडला नाही.

परतताना ती डोंगर बघण्यात रमली. समोरून एक मोटार आली. गेणूनं मुकाट डावीकडून गाडी काढली. पारूबाईला ते कळलंसुद्धा नाही.