डावा खांदा

मुलांनो, बडा फुहारा चौकाजवळच्या माझ्या ब्लाउजच्या दुकानातली मापांची कार्डं नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची होती. त्याची आखणी करायला एक मुलगी आली. न येणाऱ्या गिऱ्हाइकांची कार्डं गाळायचं मी ठरवलं होतं. तिनं मात्र आधी तीन दिवस सगळी कार्डं वाचली. मग दोन पुढे ठेवली: एक जुनं, घमापुर मोहल्ल्यातलं, एक नवं, कांचघर मोहल्ल्यातलं, नाव-आडनाव निराळं.

"आजी, ही एकच बाई आहे जी. दोन्हींत डावा खांदा अर्धा इंच खाली."

मापं मीच घेतलेली! तरी माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"मग जुनं नाव काढायचं?" मी विचारलं.

"काहून? लग्नात नाव बदललं, खांदा तोच आहे न. दोन्ही ठेवते."

पुढच्या खेपेला त्या बाई दुकानात आल्या, तेव्हा मी त्यांना माहेरच्या नावानं हाक मारली. त्या दारातच थबकल्या.

"अजून एकदा म्हणा न, जी."