चालत्या दवाखान्यातला सर्व्हर

माझ्या वडिलांचं, आबांचं डायलिसिस आणि दवाखान्याचा सर्व्हर, दोन्ही एकाच वर्षी माझ्या गळ्यात आले. दवाखाना जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. तिथले कॉम्प्युटर सांभाळायला मी नुकतीच लागले होते, आणि त्याच उन्हाळ्यात आबांच्या किडन्यांनी काम सोडलं. मंगळवार आणि शनिवार हे त्यांचे वार. भाऊ त्यांना पिंपळगाव रेणुकाईहून मोटारसायकलवर भोकरदनला आणून एसटीत बसवायचा, आणि मी त्यांना स्टँडवरून रिक्षात घालून दवाखान्यात आणायचे. ते वरच्या मजल्यावर मशीनला, मी खाली सर्व्हरच्या खोलीत. संध्याकाळी दोघंही सारखेच दमलेलो असायचो.

सर्व्हरची खोली म्हणजे लॅबला लागून असलेली एक अरुंद जागा. पूर्वी तिथे सलाईनची खोकी ठेवत. पेशंटची नोंद, बिलं, लॅबचे रिपोर्ट, औषधांचा साठा, सगळं त्या एका डब्यावर चालायचं. लोकांना वाटतं, सर्व्हरवर एक मोठा प्रोग्राम असतो. तसं नसतं. छोटे छोटे कितीतरी प्रोग्राम एकमेकांच्या आधाराने उभे असतात. त्यांना पॅकेज म्हणतात. त्यातल्या एखाद्यात भोक सापडलं की बनवणारे दुरुस्ती काढतात, ती आपण घ्यायची, यालाच अपडेट म्हणायचं. नाही घेतली तर चोराला दार उघडं, आणि न बघता घेतली तर आधाराची एखादी वीट हलते.

ती हलली एका मंगळवारी सकाळी. सर्व्हर बसवून देणारे अपडेट आपोआप होईल अशी सोय करून गेले होते आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं. मी आले तेव्हा लॅबच्या खिडकीपुढे लाइन लागलेली, आणि रिपोर्ट निघत नव्हते. माहिती साठवणारा डेटाबेस नवा झाला होता आणि लॅबचा प्रोग्राम त्याला ओळखेना. लॅबमधल्या दोघी मशीनवरचे आकडे चिठ्ठ्यांवर लिहून वर पाठवू लागल्या. दुसरं करणार तरी काय?

आबा वर खाटेवर होते. मशीन लावण्याआधी त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम बघत, कारण ते फार वाढलं तर हृदयाला धोका. थोड्या वेळाने डायलिसिसच्या सिस्टर स्वतः जिना उतरून खाली आल्या. हातात चिठ्ठी होती.

"हे तुमच्या आबांचं नाही," त्या म्हणाल्या. "तीन दिवसांनी मशीनला येणाऱ्या माणसाचं पोटॅशियम इतकं चांगलं येत नाही."

आबांच्याच नावाचे आणखी एक पेशंट त्या दिवशी भरती होते. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. दुसऱ्यांदा तपासल्यावर आबांचा खरा आकडा आला, तो ऐकून सिस्टरांनी मशीनकडे धाव घेतली. मी सर्व्हरच्या खोलीत परत गेले. जुन्या डेटाबेसचं पॅकेज नशिबाने डिस्कवर पडून होतं. ते परत बसवलं, तेव्हा दुपार कलली होती.

मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. ते रागावले नाहीत, तेच जास्त जड गेलं. यापुढे सर्व्हरला कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. चालतंय ना, मग चालू द्या.

त्यानंतरचे महिने नुसते ओढण्यात गेले. दुरुस्त्या निघत होत्या, मी वाचत होते आणि बसून राहत होते. पुढच्या शनिवारी, त्याच्या पुढच्या शनिवारी, मी डॉक्टरांच्या केबिनबाहेर उभी राहायचे. कधी ते ऑपरेशनमध्ये असायचे, कधी मला बघून हातानेच "नंतर" म्हणायचे. मी एकच गोष्ट सांगून सांगून थकले: अपडेट वाईट नव्हतं, न सांगता, न तपासता झालेलं अपडेट वाईट होतं. शेवटी पटलं ते माझ्यामुळे नाही. शेजारच्या जिल्ह्यात त्यांच्या एका मित्राच्या दवाखान्यात कुणीतरी इंटरनेटवरून सर्व्हरमध्ये घुसून सगळ्या फायलींना कुलूप लावलं आणि उघडायचे पैसे मागितले. त्या मित्राचा फोन आला, त्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

"करा," ते म्हणाले. "पण पेशंट अडकता कामा नये."

हिशोबाच्या खोलीतला एक जुना कॉम्प्युटर मी मागून घेतला. ठरवलं असं की आधी सर्व्हरची हुबेहूब नक्कल त्याच्यावर उभी करायची, जे मोडायचं ते तिथे मोडू द्यायचं. त्यासाठी रोजचा बॅकअप, म्हणजे माहितीची राखीव प्रत, त्याच्यावर उतरवला. उतरला, पण लॅबचे जुने रिपोर्टच त्यात नव्हते. बॅकअपची डिस्क कधीच भरून गेली होती, आणि तरीही पडद्यावर रोज "पूर्ण झालं" असं येत होतं. इतके दिवस ज्याच्या भरवशावर होतो, तो बॅकअप अर्धा पोकळ होता. अपडेट बाजूला ठेवून आधी मोठी डिस्क मागवली, बॅकअप नव्याने लावला, आणि पुन्हा उतरवून पाहिला. नीट उतरला का हे बघायला मी आबांचेच रिपोर्ट उघडायचे. दुसऱ्या कुणाचे मला पाठ नव्हते.

मग नकलेवर अपडेट. डेटाबेस जुन्याच आवृत्तीवर थांबवून ठेवला, बाकीचं पुढे नेलं. सगळं चाललं, फक्त रक्ताच्या नमुन्यांच्या बाटल्यांना लावायचं लेबल छापताना मराठी नावांच्या जागी चौकोन येऊ लागले. हे खऱ्या सर्व्हरवर झालं असतं तर पुन्हा तोच मंगळवार उभा राहिला असता. कोणत्या पॅकेजमुळे होतंय ते एकेक मागे घेऊन शोधलं. सापडलं तेव्हा आनंदसुद्धा झाला नाही. तेही थांबवून ठेवलं.

खऱ्या कामाला शनिवारची दुपार निवडली. ओपीडी संपलेली असते, लॅब रिकामी असते. औषधांच्या खिडकीवर, लॅबमध्ये आणि डायलिसिसमध्ये आधीच सांगून ठेवलं की थोडा वेळ नोंद बंद राहील, आणि तेवढ्यात चिठ्ठी लिहावी लागली तर नावासोबत पेशंटचा नंबरही लिहा. ताजा बॅकअप घेतला. तो पूर्ण होईपर्यंत काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून वर गेले.

आबा मशीनला होते. नळ्यांतून रक्त फिरत होतं आणि ते छताकडे बघत होते.

"काय करून राह्यली खाली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दुरुस्ती.

"मोडलं काय?"

"न्हाई आबा. मोडू नये म्हणून."

"मंग बराबर हाय." ते पुन्हा छताकडे बघू लागले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला आता कंटाळा आला, माय. हे बंद केलं तर?"

हे त्यांनी आधी कधी म्हटलं नव्हतं. मी ते मनात म्हणून गेले होते, एसटीची वाट बघताना, त्यांना धरून जिना चढवताना, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली होती.

"आजचं होऊ द्या," मी म्हटलं. "मंग बोलू आपण."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

खाली येऊन काम सुरू केलं. पडद्यावर ओळी सरकत गेल्या. सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू झाला. लॅबमधल्या बाईंना एक लेबल छापायला सांगितलं. नाव मराठीत, नीट आलं. बिल निघालं, औषधाची नोंद झाली, आबांचे सगळे रिपोर्ट उघडले. कुणाला काही कळलं नाही. सोमवारी डॉक्टर जिन्यात भेटले आणि म्हणाले, मग कधी करताय ते काम? मी म्हटलं, झालं. "बरं," म्हणाले आणि वर गेले.

आबांशी मी बोलले, पुढच्या वारावर न ढकलता, त्याच शनिवारी संध्याकाळी, स्टँडवर. ते म्हणाले, खर्चाचा आणि सुईचा कंटाळा नाही, प्रवासाचा आहे. दर वेळी तुला माझ्यामागं पळवून राह्यलो, ते सोसत नाही. बंद करायचं नाही असं त्यांनीच ठरवलं, पण मला कबूल करायला लावलं की भोकरदनला डायलिसिसची सोय झाली की तिकडे नाव घालायचं. पुढे ती झाली. आता भाऊ त्यांना घेऊन जातो आणि दुपारपर्यंत घरी आणतो. फोनवर त्यांचा आवाज पूर्वीपेक्षा मोकळा वाटतो.

मी अजून त्याच खोलीत आहे. दर महिन्याला आधी नकलेवर, मग शनिवारी खऱ्यावर. सगळ्यांना सांगायचं, बॅकअप उतरवून बघायचा, थांबवलेली पॅकेजं अजून थांबवायला हवीत का ते तपासायचं. कंटाळा येतो. काम संपलं की मी वर जाते. आबांच्या खाटेवर आता बदनापूरकडच्या एक आजी असतात. त्यांच्या सुनेला चहा हवा का विचारते, आणि आम्ही दोघी खिडकीशी उभ्या राहून पितो.